जुना कपडा आधी उलटा करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या काळातले कपडे शोधून, नीट करून, प्रत्यक्ष अंगावर घालायचे आहेत. पण खरोखर जुना कपडा ओळखायचा कसा, कोणता घ्यायचा, कोणता सोडायचा, मापाचा घोळ कसा सोडवायचा आणि घरी आणल्यावर तो धुवायचा कसा?

कपडा हातात आला की सगळ्यात आधी तो उलटा करायचा, या एका सवयीत बरीचशी उत्तरं आहेत. कुठल्या मशीनवर शिवला, किती माया (शिवणीत आत राखलेलं जादा कापड) ठेवली, कुठे उसवून पुन्हा शिवला, घाम कुठे मुरला, चेन मूळची की मागाहून बसवलेली, हे सगळं आतल्या बाजूला दिसतं. या छंदातला अर्धा आनंद कपडा घालण्यात आहे आणि अर्धा तो असा वाचण्यात. वाचायची सवय झाली की दांडीवर खच्चून टांगलेल्या शंभर कपड्यांवरून हात फिरवताना बोटं नेमकी एकाच बाहीपाशी थांबतात, आणि त्या क्षणाची मजा काही वेगळीच असते.

आधी एक शब्द स्पष्ट करू. व्यापारात साधारण २० वर्षांहून जुन्या कपड्याला विंटेज म्हणतात, १०० वर्षांपुढच्याला अँटिक. ‘रेट्रो’ किंवा ‘विंटेज स्टाइल’ असं लिहिलं असेल तर तो बहुधा जुन्या घाटणीचा नवा कपडा असतो. तो वाईट असतो असं नाही, पण जुन्याच्या किमतीत घेऊ नये.

वय ओळखायला चेनपासून सुरुवात करावी, कारण ती चटकन दिसते. आजच्या घडणीच्या चेनचं पेटंट गिडिऑन सुंडबॅक यांना १९१७ मध्ये मिळालं, पण बायकांच्या फ्रॉकमध्ये ती रुळली १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी हूक, आकडे आणि टिचबटणं असत. १९४० च्या दशकातल्या फ्रॉकला धातूची चेन बहुधा डाव्या कुशीत, काखेखाली सापडते. १९५० च्या दशकात ती पाठीवर सरकली आणि १९६० च्या दशकात धातूची जागा नायलॉनच्या चेननं घ्यायला सुरुवात केली. मात्र चेन हा कपड्याचा सर्वांत आधी बिघडणारा भाग आहे, म्हणून ती बदललेली असू शकते. पट्टीच्या कडेला सुईच्या रिकाम्या भोकांची जुनी रांग दिसते का आणि तिथला दोरा बाकीच्या शिवणीच्या दोऱ्याशी जुळतो का, एवढं पाहिलं की उलगडा होतो. उलटंही घडतं: घरी शिवणारी माणसं जुन्या कपड्याची चेन काढून नव्याला लावत. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. कपड्यातला सर्वांत नवा मूळ भाग ज्या काळातला, त्याच्या आधीचा तो कपडा असू शकत नाही, हा नियम धरून चला.

लेबलं वाचायला थोडा इतिहास लागतो. अमेरिकेत कपड्यावर धाग्याचं नाव आणि टक्केवारी लिहिणं १९६० पासून सक्तीचं झालं आणि धुण्याच्या सूचनांचं कायमस्वरूपी लेबल १९७२ पासून. त्यामुळे ‘कोमट पाण्यात धुवा’ असं शिवलेलं लेबल असलेला अमेरिकन फ्रॉक १९५० चा आहे असं कुणी सांगितलं तर शंका घ्यावी. तिथल्या स्त्रियांच्या कपड्यांत आयएलजीडब्ल्यूयू या कामगार संघटनेचं छोटं लेबल बाजूच्या शिवणीत सापडतं. १९७४ मध्ये ते लाल-पांढऱ्या-निळ्या रंगात आलं आणि १९९५ मध्ये संघटना दुसरीत विलीन झाली, म्हणजे तीन रंगांचं लेबल दिसलं की काळ याच दोन सालांच्या मधला. शुद्ध लोकरीचं वुलमार्क हे गुंडाळ्यासारखं चिन्ह १९६४ चं, त्याआधीच्या कोटावर ते असणारच नाही. आणि ब्रिटिश कपड्यात ‘सीसी४१’ ही खूण मिळाली तर जपून ठेवा. युद्धकाळापासून, म्हणजे १९४१ ते १९५२ पर्यंत, सरकारी नियमांनुसार काटकसरीनं बनवलेल्या कपड्यांवर ती असे. कापड वाचवायला चुण्या, खिसे, बटणं यांवर मर्यादा होत्या, पुरुषांच्या पँटची खालची दुमड काही काळ बंद होती. असा एखादा फ्रॉक आणि १२ फेब्रुवारी १९४७ ला फॅशन डिझायनर ख्रिस्तियान दिओर यांनी पॅरिसमध्ये दाखवलेल्या भरघोस घेराच्या वळणावर शिवलेला फ्रॉक शेजारी ठेवा. टंचाई आणि सुटका या दोन्ही गोष्टी नुसत्या घेरावरून समजतात.

पुरुषांचा बेतून शिवलेला कोट असेल तर आतल्या छातीच्या खिशात हात घालून लेबल शोधा. चांगले शिंपी तिथे गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहीत. यापेक्षा नेमका पुरावा दुसरा नाही.

जीन्स आणि टीशर्ट यांबद्दल थोडक्यात. लिव्हाइसच्या मागच्या खिशावरची लाल पट्टी १९३६ पासूनची, तिच्यावरच्या नावातलं ‘ई’ हे अक्षर १९७१ पर्यंत मोठ्या लिपीत होतं. पण कंपनी स्वतःच जुन्या नमुन्यांच्या नव्या प्रती काढते आणि त्यांवरही मोठं अक्षर असतं, म्हणून आतलं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. टीशर्टच्या बाहीला आणि खालच्या दुमडीला दोन समांतर रांगांऐवजी टाक्यांची एकच रांग असेल तर तो बहुधा १९९० च्या दशकाच्या मध्याआधीचा. हल्ली नव्या टीशर्टलाही मुद्दाम एकेरी टाका घालतात, तेव्हा कापडाचा विरलेपणा आणि छपाईच्या भेगाही तपासा.

आता कापड. पोत ओळखणं बोटांनीच शिकावं लागतं, पण शंका आली तर जाळून पाहण्याची परीक्षा करता येते, अर्थात कपडा आपल्या मालकीचा झाल्यावर. आतल्या मायेतून सेंटीमीटरभर दोरा काढा, चिमट्यात धरा, खाली धातूची थाळी ठेवा. सुती आणि रेयॉन कागदासारखे भरभर जळतात, वास जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख उरते. लोकर आणि रेशीम आक्रसतात, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की बहुधा विझतात आणि उरलेला काळा गोळा बोटांत चुरला जातो. पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. ॲसिटेटही वितळतं, पण वास व्हिनेगरसारखा आंबूस येतो. या परीक्षेनं काळही सांगता येतो: पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा आणि कपड्यांत तो आला १९५० च्या दशकात, लायक्रा या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा शोध १९५८ चा. अंगाला ताणून बसणारा ‘१९४० चा’ फ्रॉक हे सरळ चुकीचं वर्णन आहे.

वय पटलं तरी लगेच घेऊ नका. घालायचा कपडा निवडताना दुर्मीळपणापेक्षा अवस्था मोठी. खिडकीसमोर किंवा टॉर्चवर कापड धरा आणि ठरलेल्या जागा पाहा: मुंढ्याखालची शिवण, कोपर, कॉलरची घडी, कफची कड, पँटचं आसन, गुडघे, कोटाच्या अस्तराची पाठ. त्यातल्या त्यात काखेकडे सर्वांत जास्त वेळ द्या. घामानं तिथला रंग बदललेला असतो, कापड कडक झालेलं असतं, आणि कपडा घालून हात वर केला की नेमकं तिथेच फाटतं. कापड नुसतं पिवळसर असून मऊ असेल तर चालेल. चुरचुरत असेल तर सोडा.

दुरुस्त होतं आणि होत नाही यातली रेघ अशी आहे. उसवलेली शिवण, सुटलेली दुमड, हरवलेलं बटण, मेलेलं इलॅस्टिक, फाटलेलं अस्तर, बिघडलेली चेन ही सगळी शिंप्याची कामं, त्यांना भिऊ नका. उलट किंमत कमी करून मागायला ती चांगली निमित्तं आहेत. लोकरीतलं कसरीचं एखादं भोक रफूनं जातं, पुढच्या भागात दहा भोकं असतील तर नाही. खांद्यावर उन्हानं विटलेला रंग परत येत नाही. रेशमाची ‘चिरफळी’ तर अजिबात सुधारत नाही. १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० च्या दशकापर्यंत रेशमाला वजन आणि सळसळ यावी म्हणून कथिलासारख्या धातूंचे क्षार पाजत. त्या क्षारांमुळे धागा आतून ठिसूळ होत जातो आणि घडीवर, उभ्या धाग्याच्या दिशेनं, सुरीनं कापल्यासारखे सरळ चिरे पडतात. शिवायला गेलं की सुईच्या भोकापासून नवा चिरा सुरू होतो. असा फ्रॉक कितीही सुंदर असला तरी तो बघण्याचा आहे, घालण्याचा नाही.

दुसरा फसवा प्रकार काळ्या सुती टीशर्टचा. गंधक असलेल्या काळ्या रंगातून वर्षानुवर्षं आम्ल तयार होतं आणि सूत कुजतं. वरून टीशर्ट नवाकोरा दिसतो. खालच्या दुमडीजवळ दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणा. ‘टर्र’ असा बारीक आवाज आला की ठेवून द्या. पॉलियुरेथेनचा थर दिलेले रेनकोट आणि नकली चामड्याचे कोट हवेतल्या ओलाव्यानं विघटित होतात. आधी चिकट होतात, मग पापुद्रे निघतात. तो चिकटपणा पुसून जात नाही.

मापाच्या बाबतीत लेबलवरचा आकडा विसरूनच जा. अमेरिकेत स्त्रियांच्या कपड्यांच्या मापांचं प्रमाण १९५८ मध्ये ठरलं आणि १९८३ मध्ये रद्द झालं. त्यानंतर कारखानदारांनी आकडे मनाजोगे सैल केले. जुना १४ आजच्या ८ किंवा त्याहूनही लहान निघू शकतो. टेप घ्या, कपडा सपाट अंथरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप दुप्पट करा. ते अंगाच्या छातीच्या मापापेक्षा किमान ५ सेंटीमीटर जास्त हवं, कंबरेत २ ते ३, नितंबांवर ५, आणि आत स्वेटर घालायचा असेल तर कोटाला १० ते १२. पाठीची रुंदी आणि मुंढ्याची खोली लोक मोजत नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात. जुने मुंढे वर, काखेलगत कापलेले असतात. त्यामुळे हात उचलला तरी कोट वर सरकत नाही, ही मोठी सोय. पण खांदे रुंद असतील तर असा मुंढा रुततो, आणि मुंढा वाढवणं सोपं काम नाही.

कमी पडलं तर आतली माया मोजा. जुन्या शिवणकामात बाजूला दोन-तीन सेंटीमीटर आणि खालच्या दुमडीत ५ ते ८ सेंटीमीटर कापड ठेवलेलं अनेकदा सापडतं. शिवणाऱ्यानं पुढच्या वर्षांचा विचार करून ठेवलेली ती शिल्लक आहे, आणि ‘माया’ हा शब्द तिला अगदी शोभतो. सैल करताना जुन्या टाक्यांची रेघ आणि न विटलेला पट्टा दिसणार, हे आधीच धरून चला. आत घेताना कापड कधीही कापू नका, आत दुमडून लांब टाके घाला. पुढे कुणाला तरी ते उलगडावं लागेल.

शोधायला जाताना अंगासरशी पातळ कपडे घालून जा, म्हणजे कपडे बदलायची खोली नसली तरी वरून चढवून बघता येतं. बरोबर टेप, छोटा टॉर्च आणि आपल्या मापांचा कागद असू द्या. हंगाम उलटा धरा: उन्हाळ्यात कोट, थंडीत सुती. दांडीवर नजर रंगांवर भरकटते, म्हणून पहिली फेरी हातानंच करा. चांगली लोकर, जड क्रेप आणि खरं रेशीम डोळे मिटूनही वेगळं लागतं. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून पाच फोटो मागा: उलट्या बाजूनं काख, लेबल, चेनचं टोक, आतली दुमड आणि सर्वांत वाईट डाग. जो हे देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. शोधताना दशकापेक्षा वर्णन लिहा, ‘बाजूला धातूची चेन’, ‘कापडानं मढवलेली बटणं’, असं. बरेच विक्रेते काळ चुकीचा सांगतात, पण डोळ्यांना दिसतं ते बरोबर लिहितात.

पुरुषांच्या कोटाची एक परीक्षा जरूर शिका. खालच्या काजाच्या आसपास बाहेरचं कापड एका हातानं आणि आतली बाजू दुसऱ्या हातानं चिमटीत धरून हलकेच वेगळं करा. मध्ये तिसरा, सुटा, किंचित खरबरीत थर सरकताना जाणवला तर आत शिवलेलं कॅनव्हास आहे. लॅपेलची पालटलेली घडी सपाट न बसता गोलसर वळते ती त्याच्यामुळे. दोन थर एकजीव वाटले तर अस्तराआड चिकटवलेलं कापड आहे, आणि ते जुनं झालं की छातीवर बुडबुडे येतात. त्यावर इलाज नाही.

घरी आणलेला कपडा थेट कपाटात ठेवू नका. लोकर, फर किंवा रेशीम असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. कसरीच्या अळ्या आणि अंडी दोन्ही त्यात मरतात. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून कापड ओलं होतं. डांबरगोळ्या टाळा: त्यांची वाफ विषारी असते आणि वास वर्षभर जात नाही. लॅव्हेंडर आणि देवदार आत शिरलेल्या कसरीपुढे लुळे पडतात.

डाग असलेल्या कपड्याला धुण्याआधी इस्त्री लावू नका. साखर असलेल्या पेयाचा जुना डाग दिसत नाही, पण उष्णतेनं तपकिरी होऊन कायमचा बसतो. प्रत्येक रंगावर आतल्या बाजूनं साबणाच्या पाण्यात बुडवलेला पांढरा कापूस दोन मिनिटं दाबून धरा. कापूस रंगला तर पाण्यात घालू नका. पिवळं पडलेलं पांढरं सुती कापड ४० अंशांच्या ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजनवर चालणारं ब्लीच) विरघळवून काही तास भिजवा, पाणी चहाच्या रंगाचं झालं की बदला. दोन-तीन वेळा करावं लागतं, आणि दर वेळी कापड उजळताना बघणं फार सुखाचं आहे. हे लोकर आणि रेशमाला चालत नाही. क्लोरीनचं ब्लीच तर कशालाच नको.

लोकर ३० अंशांच्या आत, सौम्य साबणात, न चोळता. खंगाळायचं पाणीही त्याच तापमानाचं हवं. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सपाट वाळवा. रेयॉन ओलं असताना त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, तेव्हा पाण्यातून काढताना खाली टॉवेल धरून उचला. रेयॉनच्या क्रेपला पाणीच लावू नका: त्याचा पीळदार धागा भिजला की आटतो आणि फ्रॉक दोन मापांनी लहान होतो. १९३० च्या दशकातल्या टिकल्यांबाबत तर डोळ्यांत तेल घाला. त्यांतल्या बऱ्याच जिलेटिनच्या असतात, त्या पाण्यात आणि वाफेत वितळतात, अगदी नाचताना आलेल्या घामानंसुद्धा. आतल्या बाजूची एक टिकली काढून कोमट पाण्यात टाकून बघा.

कुबट वासाला घाई नको. सावलीत, वारा लागेल अशा जागी तीन-चार दिवस टांगा. घाबरून अत्तर मारलं तर दोन वास होतात. अडखळणाऱ्या धातूच्या चेनला शिसपेन्सिलीचं टोक किंवा मेणबत्ती दातांवर घासा.

आणि मग घाला. सुरुवात लोकरीच्या कोटापासून किंवा जाड सुती फ्रॉकपासून करा, त्यांना रोजचा वापर सोसतो. बाकीचे कपडे आजचेच ठेवा. डोक्यापासून पायापर्यंत एकाच दशकाचं घातलं की वेषभूषा वाटते. १९५० च्या घट्ट कंबरेच्या फ्रॉकमध्ये आत कंबरेशी एक जाड फीत शिवलेली असते, तिला हूक आणि आकडा असतो. नवीन माणूस ती लोंबत ठेवतो आणि चेन ओढतो. मग सगळा ताण चेनवर येऊन ती दातांतून सुटते. आधी श्वास सोडून ती फीत लावा, मग चेन आपोआप वर जाते, आणि घेराचं वजन खांद्यांवर न येता कंबरेवर येतं. त्या क्षणी फ्रॉक अंगावर का असा बसतो ते अंगालाच समजतं. उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेनं, कापलेल्या १९३० च्या पोशाखाचंही असंच. फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांच्या पॅरिसमधल्या कामामुळे तो काप गाजला. हँगरवर असा पोशाख चिंधीसारखा लोंबतो, अंगात घातला की चालण्याबरोबर वाहतो.

अत्तर आणि डिओडरंट कपडा घालण्याआधी लावून पूर्ण वाळू द्या. काखेत सुटे कापडी अस्तर टाचा, ते दर वेळी काढून धुता येतं. अंगठ्या आणि घड्याळ शेवटी. घरी आल्यावर कपडा रात्रभर बाहेर टांगून ठेवा, लोकरीला मऊ ब्रश मारा. कोट रुंद खांद्याच्या हँगरवर. विणलेले आणि उरेब कापलेले कपडे टांगू नका, ते स्वतःच्या वजनानं लांबत जातात. त्यांची घडी आम्लरहित कागदात किंवा धुतलेल्या सुती चादरीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आणि दर तीन-चार महिन्यांनी उघडून घडी दुसऱ्या रेघेवर घाला, कारण जुना धागा तुटतो तो घडीवर.